जॅकपाशी सुटलेली तार

प्रिय दादा,

हे तुझ्याच वहीत लिहितोय, रागावू नकोस. मागची तीसेक पानं कोरी राहिली होती. दुसरा कागद घेऊन बसलो तर दोन ओळींच्या पुढे हात जाईना. या वहीत लिहिलं तर निदान तू वाचशील, असं मनाला वाटतं. मन येडं असतं, तूच म्हणायचास ना!

काल वहिनीने ही वही माझ्या हातात दिली. घशाचं ऑपरेशन होऊन तुझा आवाज गेला, तेव्हापासून तू जिच्यात पेन्सिलीने बोलायचास, तीच. तुला जाऊन सात महिने झाले. इतके दिवस ती वहिनीच्या ट्रंकेत होती. त्यातलं एक पान तिने दुमडून ठेवलं होतं. "भाऊजी, हे पान तुमचं हाय," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

ते पान वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. आज दुकानाचं शटर अर्धंच उघडलंय. बाहेर विहिरीवरच्या पंपाच्या दोन जळालेल्या मोटारी येऊन पडल्यात. मालक हाका मारून गेले. मारू देत. आयुष्यभर त्यांच्याच हाकांना ओ देत आलो, आणि त्यात तुझं ऐकायचं राहून गेलं.

पानावर काय आहे ते तुला माहीत आहे. पण मी एकदम तिथे येणार नाही दादा. मधेच उडी मारायची माझी खोड किती महाग पडली, ते आता कळलंय. सगळं पहिल्यापासून सांगतो. तू फक्त ऐक. तसंही आता दुसरं काय करणार आहेस?

तुझी ती गिटार बदनापूर स्टेशनावर उतरली तो दिवस मला लख्ख आठवतो. एक्याऐंशी-ब्याऐंशीचा सुमार, मी नववीत होतो. छोट्या लाईनच्या गाडीने तू सिकंदराबादहून आलास, खांद्यावर सतरंजीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. हमाल म्हणाला, "काय प्रभाकरराव, फवारणीचा पंप आणला का?" घरी येऊन सतरंजी सोडलीस तर आत लालभडक इलेक्ट्रिक गिटार! जपानी बनावटीची, कुणा वाजवणाऱ्याने वापरून वापरून पॉलिश उडवलेली. अण्णा शेतातून आले होते. त्यांनी बाजारात टरबूज ठोकून बघतात तशी ती बोटाने ठोकली.

"ह्येला तर पोटच न्हाई. आवाज निघंल कुठून?"

"तारेतून निघतो अण्णा. हिला करंट लागतो."

"मंग लाईट गेल्यावर?"

"मंग मुकी," तू म्हणालास आणि मोठ्याने हसलास. तुझं हसणं आधी घर भरून टाकायचं, मग ओसरीवरून बाहेर जायचं.

तू दिवसा कृषी संशोधन केंद्रात कारकुनी करायचास आणि संध्याकाळी जालन्याला ऑर्केस्ट्राच्या तालमीला पळायचास. राजूरला चतुर्थीच्या गर्दीत झालेला कार्यक्रम आठवतो? मी तुझा तो जडशीळ ॲम्प्लिफायर उचलायला आलो होतो. व्होल्टेज इतकं कमी की बल्ब नुसते लालसर दिसत होते. तरी तुझी गिटार वाजली. तिचा आवाज जरा नाकातला. अण्णा शेवटपर्यंत म्हणायचे, "पोराच्या गिटारीला सर्दी झालीय, काढा पाजा तिला." ऑर्केस्ट्रात बाकीचे चिडवायचे, पण तू दुसरी घेतली नाहीस. म्हणायचास, चार गिटारी एकदम वाजल्या तरी माझी कोणती ते बायको घरात बसून सांगंल. आणि वहिनी खरंच सांगायची!

पुढे लग्नात डी.जे. आले, ऑर्केस्ट्रा मोडला, गिटार भिंतीवर गेली. तू मात्र महिन्या-दोन महिन्यांनी तिला काढून पुसायचास. मी एकदा म्हणालो पण, "दादा, वाजवायची न्हाई तर कशाला पुसतो?" तू म्हणालास, "तू तुझ्या देवाला पुसतो, तो काय बोलतो का?"

माझं दुकान तुझ्यामुळे उभं राहिलं, हे गावाला माहीत आहे. आय.टी.आय.ला तू धाडलंस. दुकानाची पाटी तू स्वतः रंगवलीस, त्यातला 'वाइंडिंग'मधला ड जरा वाकडा झाला आणि मी वीस वर्षं तुला त्याच्यावरून चिडवलं. आता त्या वाकड्या डकडे बघवत नाही.

दादा, प्रत्येक धंद्याची एक खोड असते. सोनार सोनं दगडावर घासतो. आम्ही मोटारीत तांब्याची तार भरणारे सिरीज बल्ब लावतो. बोर्डावर एक बल्ब, त्याच्या दोन मोकळ्या तारा. मोटारीच्या वाइंडिंगची दोन टोकं त्या तारांना टेकवायची. बल्ब पेटला तर आतली तार अखंड आहे. नाही पेटला तर तुटली, वाइंडिंग मेली, कापून काढा. मला दुसरं काही विचारायची गरजच कधी पडली नाही. मालक सांगत असतो, "बाळूभाऊ, आधी घरघर आल्ती, मंग वास आल्ता," आणि मी मान डोलवत बल्ब लावत असतो. माणूस खोटं बोलेल, बल्ब बोलणार नाही, असं मीच सगळ्यांना ऐकवायचो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

तू गिटार घेऊन दुकानात आलास ते चैत्राचे दिवस होते. मोसंबीच्या बागा पाण्यावाचून चालल्या होत्या आणि तालुक्यातल्या अर्ध्या मोटारी माझ्या दारात पडल्या होत्या, असं वाटायचं. तू गळ्याला तो पांढरा रुमाल बांधून आलास. ऑपरेशनला दोन महिने झाले होते. स्टुलावर बसलास आणि वहीत लिहिलंस. ते पानही काल बघितलं. "ॲम्प्लिफायरला लावली तर आवाज येत नाही. हिला बोलती कर. मला काम आहे हिच्याशी."

मला काम आहे हिच्याशी! मी ते वाचलं आणि हसलो, दादा. माझ्या टकुऱ्यात उजेड पडला नाही, की ज्याचा आवाज गेला तो माणूस वाजवायला का मागतोय. मला वाटलं, रिकामा वेळ आहे, बरं आहे, मन रमेल.

मी तिथल्या तिथे स्क्रू काढले. तारांच्या खाली त्या दोन पट्ट्या, पिकअप म्हणतात ना तुम्ही. एक गळ्याजवळची, एक वाजवायच्या हाताजवळची. आत लोहचुंबक आणि त्याच्यावर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. मी म्हटलं, हे तर आपलंच काम! वाइंडिंग ती वाइंडिंग, पंपाची असो नाही तर गिटारीची. लावला सिरीज बल्ब. गळ्याजवळच्या पट्टीला लावला, पेटला नाही. हाताजवळच्या पट्टीला लावला, पेटला नाही.

"दोन्ही जळाल्या दादा. पुऱ्या भराव्या लागतील."

तू जोरजोरात मान हलवलीस. टेबलावर टकटक केलीस. मला काय वाटलं माहीत आहे? तुला चहा पाहिजे! मी शेजारच्या टपरीवर ओरडून दोन चहा सांगितले. तू वही ओढलीस आणि लिहायला लागलास. तू लिहायचास कसं, सावकाश, कारकुनी वळणाचं, वेलांटी नीट देऊन. आणि बाहेर वाटूरहून मोटार घेऊन आलेला एक पाहुणा उन्हात उभा राहून ओरडत होता, "बाळूभाऊ, जल्दी करा ना, टेंपो उभा हाय!" मला तुझं लिहून होईस्तोवर दम निघाला नाही. मी गळ्याजवळच्या पट्टीची टेप सोडली आणि ब्लेड फिरवलं. एका झटक्यात. तांब्याचे केस खाली पडले.

तुझ्या गळ्यावर एकदा डॉक्टरांनी ब्लेड चालवलं, तुला वाचवायला. आणि एकदा मी चालवलं. कशासाठी, तर टेंपो उभा होता!

मग मी दुसऱ्या पट्टीकडे हात नेला. तेव्हा तू पटकन तुझा पंजा तिच्यावर ठेवलास. घट्ट. मी म्हणालो, "आरं दादा, पोरगी हाय का तुझी? मी काय मारून राह्यलो का तिला?" तू हात काढला नाहीस. माझ्याकडे बघत राहिलास. मला वाटलं, म्हातारा होतोय, जीव अडकलाय वस्तूत. तेवढ्यात तो पाहुणा आतच आला. मी उठलो आणि जाता जाता म्हणालो, "राहू दे, या हप्त्यात करतो, बराबर करून देतो."

आणि गिटार माळ्यावर गेली.

तू चार वेळा आलास. मी मोजलंय, वहीत चार पानांवर "झालं का?" आहे. चारही वेळा मी "या हप्त्यात" म्हणालो. एकदा तर तुझ्याकडे न बघताच म्हणालो, हातात जळकी मोटार होती. तू स्टुलावर अर्धा तास बसायचास, माळ्याकडे एकदा बघायचास आणि रुमाल नीट करून निघून जायचास. आवाज असता तर शिव्या घातल्या असत्यास ना? घालायच्या होत्यास! वहीत लिहून घालायच्या होत्यास!

ज्येष्ठात तुझं दुखणं पुन्हा उलटलं. आषाढात तू गेलास. गिटार माळ्यावरच होती.

तेराव्यानंतर मी ती खाली काढली. बैल गेला अन् झोपा केला, तसं. दुकानात पंपाच्या जाड तारा आहेत, केसाएवढी तार कुठून आणू? औरंगाबादहून आणली. माझी ही बोटं आयुष्यभर लोखंड उचलून राठ झालेली. वीस वेढे झाले की तार तुटे. पुन्हा सुरू करायचो, शंभरावर तुटे. एकदा सातशेपर्यंत गेलो आणि शिंक आली. दुकानात एकटा बसून रडलो दादा. शटर खाली ओढून मोठ्याने रडलो.

शेवटी जालन्याला गफूरचाचाकडे गेलो. ऑर्केस्ट्राचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचे तेच, आता डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा लागलाय. गिटार बघताच त्यांनी ओळखली. "प्रभाकर की लाल बाई!" म्हणाले. मग विचारलं, "जळाली, हे तुला कशावरून कळालं?"

"सिरीज बल्ब लावला ना चाचा. पेटला न्हाई."

ते आधी हसले. मग हसता हसता थांबले. दादा, त्यांचा तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"अरे बाळू," ते म्हणाले, "इतकी बारीक तार, हजारो वेढे. येवढ्या लांब वाटेनं करंट जाऊन जाऊन थकतो. तुझा शंभरचा बल्ब त्यानं पेटणार कसा? बल्ब पेटला न्हाई म्हणून जळाली, असं कुणी सांगितलं तुला?"

त्यांनी मीटर काढलं आणि तुझ्या हाताजवळच्या पट्टीला लावलं. काटा हलला. नीट, डौलात हलला. "ये देख. बिलकुल जित्ती हाय." मग कापलेल्या पट्टीकडे बघून म्हणाले, "ही पण असंल." गिटार उलटी केली, जिथे वायरचा जॅक बसतो तिथली पट्टी उघडली, आणि चष्मा वर करून मला बोटाने दाखवलं. आतली एक तार जॅकपासून सुटून बाजूला लोंबत होती. सोल्डरच्या एका थेंबाचं काम होतं. एक थेंब! तेवढ्या वेळात माझा चहासुद्धा निवत नाही.

"देऊ का डाग? आयर्न गरमच हाय माझ्याकडं."

मी नको म्हणालो. मी म्हणालो, दादानं मला सांगितल्तं, मीच देईन. चाचांना वाटलं, भावाचं प्रेम आहे. खरं कारण तुला सांगतो. तो डाग दिला आणि गिटार वाजली असती, तर एका थेंबासाठी मी तुला तीन महिने मुका ठेवला, हे पक्कं झालं असतं. तोपर्यंत मनाला पळायला थोडी जागा होती. म्हणून मी पळालो.

पळालो कुठे, तर त्याच पावली भंगाराच्या बाजारात. माझ्या दुकानातलं कापलेलं तांबं नेणारा माणूस तिथे बसतो. त्याला म्हणालो, चैत्रातलं माझं तांबं दाखव. त्याला वाटलं, मला ऊन लागलंय. सगळं कधीच भट्टीत गेलं होतं. तरी मी त्याच्या गोदामात दोन तास पोती उपसत बसलो, मूठभर लालसर केस सापडतात का बघत. सापडून तरी काय करणार होतो? कापलेली तार कुणी जोडलीय का कधी? हात सोलले, मग बसने घरी आलो.

वहिनीला यातलं काही सांगितलं नाही. तिला सांगितलं, वाइंडिंग जळाली आहे, कापावीच लागली, नवी भरतोय. माझ्या हातून तार तुटते बघून ती म्हणाली, "माझी शिलाई मशीन हाय की. धागा भरायचं चाक हळू फिरतंय." मग आम्ही दोघं बसलो, तुझ्या घरात, खिडकीपाशी. मशीनच्या खुंटीवर मी ती पट्टी बसवली. वहिनी हाताने चाक फिरवायची आणि मोजायची, मी दोन बोटांत तार धरायचो. दर शंभराला ती वाटीत तुरीचा एक दाणा टाकायची. दुपारी तास-दीड तास, असं पंधरा दिवस. तार तुटली की दाणे परत डब्यात, आणि पहिल्यापासून. चार वेळा तसं झालं, ती एका शब्दाने कुरकुरली नाही. पाचव्या वेळी आठ हजार भरले. वाटीत ऐंशी दाणे.

मी पट्टी गिटारीत बसवली. आता फक्त जॅकचा डाग राहिला.

आणि मी काय म्हणालो असेन, दादा? "जोडतो वहिनी. या हप्त्यात, बराबर." मग तीन हप्ते गेले. काल पुन्हा विचारलं तर मी पुन्हा तेच म्हणालो. तेव्हा ती उठली, ट्रंक उघडली आणि ही वही काढली.

घे, आलो मी त्या पानापाशी.

"वाइंडिंग चांगली आहे. जॅकपाशी तार सुटली. कापू"

इथे पेन्सिल थांबलीय.

तू सांगत होतास! मी टेप सोडत होतो आणि तू माझ्या दीड हातावर बसून वेलांट्या देत मला सांगत होतास. मी मान वर करून एकदा त्या पानाकडे बघितलं असतं तर? एकदाच! वाटूरचा पाहुणा काय मरत होता? दादा, मी ज्यांना कधी ओळखतही नव्हतो त्यांचं ओरडणं मला ऐकू आलं आणि तुझं लिहिणं दिसलं नाही. याला काय म्हणायचं, तूच सांग. मी तर म्हणून म्हणून थकलो.

आणि तुझ्यावर रागही आहे, तो पण ऐकून घे. नंतर तू का नाही सांगितलंस? चार वेळा आलास, चार वेळा नुसतं "झालं का?" "जॅक बघ गाढवा" एवढंच लिहायचं होतंस! दुसरी पट्टी जिवंत होती, एका थेंबात वाजली असती. जायच्या आधी तुझं हिच्याशी जे काम होतं ते झालं असतं. तू का गप्प बसलास? आवाज गेला होता, हात तर गेला नव्हता!

आज सकाळी तुझ्या घरी गेलो आणि वहिनीसमोर हेच बडबडलो. तिला सगळं खरं सांगितलं, बल्ब, ब्लेड, चाचा, भंगार, सगळं. ती म्हणाली, "मला ठाव हाय भाऊजी. त्याच दिवशी घरी येऊन यांनी लिहून सांगितल्तं."

"मंग तुम्ही चाक फिरवत बसल्या?"

"आठ हजार मोजले मी. दर शंभराला वाटायचं, आता भाऊजी बोलतील. न्हाई बोलले. मंग म्हटलं, बोलायचं अवघड जात असंल. फिरवू आपण."

मी खाली बसलो, दादा. तिने वहीचं अजून एक पान काढून दिलं. तिने तुला विचारलं असणार, भाऊजींना सांगत का नाही म्हणून. त्याचं तुझं उत्तर त्या पानावर आहे.

"राहू दे. जोडायला घेईल तेव्हा त्याला दिसेलच. आपण सांगितलं तर पुढं ब्लेड धरताना त्याचा हात थरथरेल. पोट आहे त्याचं त्याच्यावर."

म्हणजे तुला वाटलं, बाळू जोडायला घेईल. आणि बाळूने तीन महिने जोडायलाच घेतली नाही.

मी दुकानातून कावीळ आणून गरम केली. कावीळ म्हणजे तू म्हणायचास तसं, माझी ती पिवळ्या मुठीची सोल्डरिंग आयर्न. आठवतं? वहिनीने गिटार उलटी धरली. हात इतका थरथरत होता की दोन वेळा थेंब जमिनीवर पडला. तिसऱ्यांदा बसला. तुझा ॲम्प्लिफायर लावला, तो आधी बराच वेळ नुसता गुणगुणला. कोणती पट्टी वाजवायची ते ठरवणारा खटका मी आधी नव्या पट्टीवर ठेवला आणि एक तार छेडली. आवाज आला. स्वच्छ, ठणठणीत, आणि परका. जसा कुणी अनोळखी माणूस तुझा शर्ट घालून दारात उभा राहावा. आठ हजार वेढे, दादा, आणि त्यात तू कुठेच नव्हतास. मला तिथेच वाटलं, आता संपलं सगळं.

मग वहिनीनेच हात पुढे करून खटका खाली केला, हाताजवळच्या जुन्या पट्टीवर. आणि अंगठ्याने तार छेडली.

तोच आवाज. नाकातला. राजूरच्या मांडवातला, अण्णांच्या ओसरीवरचा. वहिनीने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "सर्दी गेली न्हाई अजून हिची."

आम्ही दोघं हसलो आणि हसताना दोघंही ढसाढसा रडलो.

तिथून दुकानात आलो, ही वही उघडली, आणि लिहिता लिहिता आत्ता एक गोष्ट ध्यानात आली. म्हणूनच खरं तर हे पत्र इतकं लांबलं. 'कापू'च्या पुढे तुझी पेन्सिल का थांबली, ते मला काल कळलं नव्हतं. मला वाटलं, मी उठून गेलो म्हणून तू लिहायचं सोडलंस. तसं नाही. ती पेन्सिल मला तीन दिवसांनी झाडताना टेबलाखाली सापडली होती. तू ती ठेवली नव्हतीस, टाकली होतीस. माझं ब्लेड दुसऱ्या पट्टीकडे वळलेलं तू बघितलंस. वाक्य पुरं करायला वेळ नव्हता. म्हणून तू पेन्सिल टाकलीस आणि पंजा ठेवलास. आणि मी तुला म्हणालो, पोरगी हाय का तुझी!

आज जे वाजलं ते तुझ्या त्या पंजाखालचं होतं दादा. तू धरून ठेवलंस म्हणून उरलं. माझ्यापासून वाचवलंस आणि मला कळूही दिलं नाहीस. आता मी काय करू? कुणाचे पाय धरू? तू असतास तर एक थोबाडीत मारून मोकळा झाला असतास, मीही सुटलो असतो. आता हे असंच घेऊन जगायचं आहे.

ती नवी पट्टी मी काढणार नाही. वहिनीचे आठ हजार आहेत त्यात. पण तुझ्या वर्षश्राद्धाला खटका खालीच राहील. वाजवता मला येत नाही, पण एक तार तरी छेडता येते. तुझं तिच्याशी काय काम होतं ते मला कधीच कळणार नाही. तेवढ्यासाठी तरी ती रोज एकदा बोलेल, लाईट असेल तर.

आणि एक वचन देतो. तू ज्या स्टुलावर बसायचास ते मी आजच सिरीज बोर्डाखाली आणून ठेवलंय. ज्याची मोटार, तो आधी तिथे बसेल. काय झालं, कसं झालं, सगळं सांगेल. बाहेर टेंपो उभा असो नाही तर जग उभं असो, त्याचं बोलून होईस्तोवर बल्ब लागणार नाही. आणि कुणी बोलू न शकणारा आला, तर तुझी ही पेन्सिल त्याच्या हातात देईन, ब्लेड खिशात ठेवीन आणि शेवटची वेलांटी पुरी होईस्तोवर त्याच्या कागदाकडे बघत बसेन.

'कापू'च्या पुढची जागा मी कोरी ठेवली आहे. तिथे मी काही लिहिणार नाही, कुणाला लिहू देणार नाही.

तुझा,
बाळू